समेटाचा शनिवार

प्रभूचं नाव घेऊन बसलो आहोत, मंडळी, तर आख्यानाआधी एक प्रश्न विचारून घेतो. सोपा आहे. आपण प्रभूचे लोक आहोत, हे आपल्या शेजाऱ्याला कशावरून कळतं?

कोणी म्हणेल, नाताळात आमच्या छपरावर तारा असतो. कोणी म्हणेल, रविवारी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून निघतो. बरोबर आहे. पण तारा जानेवारीत उतरतो आणि इस्त्री दुपारच्या झोपेत मोडते. मग मंगळवारी काय? मंगळवारी सकाळी नळावर तुमची घागर पुढे की माझी, हे चाललेलं असतं, तेव्हा शेजाऱ्याला कशावरून कळतं?

मागच्या बाकावर माना खाली गेल्या. जाऊ द्या, मीही तुमच्यातलाच. हाच प्रश्न आपल्याआधी अंबिलवाडीच्या शांतवन टेलरला पडला होता. तोही असाच मान खाली घालून बसायचा. फरक एवढाच, की त्याच्यापुढे पेटी असायची, त्यामुळे लोकांना वाटायचं, सूर बघतोय.

ऐका तर त्याची गोष्ट.

अंबिलवाडी नदीकाठी. आपल्या लोकांची पंधरा-वीस घरं आणि मधोमध कौलारू देऊळ. भिंती मातीच्या, खिडक्यांना गज नव्हते, चिमण्या उपासनेला आधी येऊन बसायच्या. तिथे प्रभुभोजन दर तीन महिन्यांनी व्हायचं. पाळकसाहेब तालुक्याहून सायकलवर यायचे. आणि त्या रविवारच्या आदल्या दिवशी – तुमच्यातल्या केस पिकलेल्यांना आठवत असेल – समेटाचा शनिवार.

काय असायचं त्या दिवशी? बायका सकाळीच अंगण सारवायच्या. माणसं दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघायची. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या दारात जायचं, टोपी हातात घ्यायची आणि म्हणायचं, “काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला, उद्या प्रभूच्या मेजावर सोबत बसू.” घरातला माणूस गुळाचा खडा हातावर ठेवायचा. झालं. प्रभूने सांगितलं आहे ना, अर्पण तसंच वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर? आमच्या वाडवडिलांनी ते अक्षरशः धरलं. गल्लीगल्लीत धुतलेले सदरे फिरायचे. त्या दिवसाला एक वास असायचा, मंडळी, ओल्या शेणाचा आणि गुळाचा. तो वास आता कुठे येत नाही.

पण माणूस म्हटला की वाट काढतोच. देवाच्या आज्ञेतूनही काढतो.

शांतवनचं वाकडं होतं लाजरस गवंड्याशी. हे दोघे साडू. शांतवनची बायको एस्तेर, लाजरसची तबिथा, सख्ख्या बहिणी. शांतवन देवळात पेटी वाजवायचा आणि लाजरस गायचा. काय गळा होता लाजरसचा! नदीपलीकडून माणसं ऐकायला यायची. शांतवनचं बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, जे काय सांगायचं ते बोटांनी सांगायचा.

एका नाताळात तालुक्याहून पाहुणे आलेले. लाजरस उभा राहिला, शांतवनने सूर दिला, गाणं सुरू झालं. अंतऱ्याला लाजरसचा आवाज चढला, चढला, आणि तिथे फाटला. कोंबडं चिरडावं तसा. पोरं हसली, पाहुणे हसले, पाळकसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला.

उपासना संपल्यावर लाजरस म्हणाला, “सूर वर दिलास तू.”

“रोजचाच होता,” शांतवन म्हणाला.

“रोजचा मला कळतो.”

“मग गाताना का नाही कळला?”

बस. तिथून अबोला. बायका परसातल्या दारातून एकमेकींना कालवण देत होत्या आणि नवरे पुढच्या दारातून एकमेकांना पाठ दाखवत होते. रविवारी एक गायचा, एक वाजवायचा. मधे पाळकसाहेब सांगायचे, “शांतवनराव, लाजरसभाऊंना आज जरा खालून हवं आहे.” – आमचे पेटीवाले हसताहेत. यांना यातलं बरंच ठाऊक दिसतं.

मग समेटाच्या शनिवारी काय? न जाऊन चालत नाही. गेलं नाही तर पाळकसाहेब मेजाला बसू देणार नाहीत आणि गाव नावं ठेवणार. तेव्हा शांतवनने युक्ती काढली. तो परसाकडच्या खिडकीशी काजं करत बसायचा आणि लाजरस शेळ्या घेऊन नदीवर गेला, की सदरा घालून त्याच्या दारात जायचा.

तबिथा आतून म्हणायची, “दाजी, हे घरी न्हाईत.”

“असं का? बरं. सांगा, येऊन गेलो म्हणून. काही चुकलं-माकलं असेल तर…”

“सांगते,” ती म्हणायची आणि गूळ द्यायची.

आणि लाजरस? तोही तयार. संध्याकाळी शांतवन पेटी पुसायला देवळात गेला, की हा टोपी घेऊन शांतवनच्या दारात. एस्तेर गूळ द्यायची. तिचं तोंड मात्र असं व्हायचं, की तो गूळ खाणाऱ्याला कडू लागावा.

दोघेही गेले. दोघांनीही म्हटलं. दोघांच्याही पोटात गूळ. सांगा मंडळी, नियमात काही उणं आहे? काही नाही. फक्त देव तेवढा घरी होता.

देव होता आणि आणखी एक जण होता.

दोन्ही घरांच्या मधे रंभाजी कुंभाराचं घर. तो काही आपल्यातला नव्हता, त्याचा देव त्याच्या देव्हाऱ्यात. पण त्याचं चाक गल्लीच्या तोंडाशी, आणि येणारा-जाणारा त्याला दिसायचा. त्याने नाताळचं भांडणही ऐकलं होतं. दर तीन महिन्यांनी शांतवन हातात टोपी घेऊन लाजरसच्या घराकडे जाताना तो बघायचा. संध्याकाळी लाजरस उलट बाजूने जाताना बघायचा. शेळ्यांची आणि देवळाची वाट परसामागून, त्यामुळे आत माणूस आहे की नाही, ते त्याच्या जागेवरून दिसत नव्हतं. त्याला दिसायची ती फक्त वाकलेली मान आणि हातातली टोपी. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्याला वाटायचं, भजनी माणसं, मोजकंच बोलत असतील.

एका उन्हाळ्यातला समेटाचा शनिवार. शांतवन गुळाचा खडा घेऊन परत येत होता. रंभाजीने चाक थांबवलं.

“शांतवनराव, जरा थांबा. एक काम व्हतं.”

“बोला.”

“जांभूळगावला यायचं माझ्यासंगं. तुम्ही आन् लाजरसभाऊ, दोघांनी.”

जांभूळगाव नदीपलीकडे. तिथे रंभाजीची मुलगी सगुणा नांदत होती. हे गावाला माहीत होतं, पण रंभाजीसमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती. रंभाजीने तिच्यासाठी एका ठिकाणी शब्द दिला होता. तिने तो मोडला आणि आपल्या पसंतीने लग्न केलं. रंभाजीने सांगितलं, पुन्हा दारात यायचं नाही. पुढे तिची आई वारली. सगुणा धावत आली, तर त्याने तिला अंगणातूनच परत पाठवलं. आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

“मला जमंना,” रंभाजी म्हणाला. “लई डाव निघालो. नदीपतूर जातो आन् माघारी येतो. तुमचं बघतो दर खेपेला. इतकं मोठं भांडण झालं तुमचं, पण जाता एकमेकांच्या दारी. म्हटलं, यांना ठावं हाय कसं जायचं ते. यांनाच न्यावं.”

शांतवनच्या हातातला गूळ विरघळायला लागला.

“पाळकसाहेब उद्या येतायत,” तो म्हणाला. “त्यांना नेऊ ना आपण. ते शिकलेले आहेत, चांगलं बोलतात.”

“बोलत असतील. पर त्यांचं कुणाशी भांडण झालेलं मी बघितलं न्हाई. तुमचं बघितलंय.”

शांतवनने मागे बघितलं. एस्तेर दारात उभी. सगळं ऐकलेलं.

“जा की,” ती म्हणाली. “सदरा घातलेलाच आहे.”

लाजरसला नदीवर गाठलं. रंभाजीने तेच सगळं त्याला सांगितलं. लाजरसने एकदा शांतवनकडे बघितलं, एकदा शेळ्यांकडे. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. त्याने शेळ्या दुसऱ्याच्या हवाली केल्या आणि निघाला.

आता ही वाट डोळ्यांपुढे आणा, मंडळी. नदीची तापलेली वाळू. मधे रंभाजी, या बाजूला शांतवन, त्या बाजूला लाजरस. अबोला धरायची सोय नाही, कारण रंभाजी कौतुकाने दोघांकडे बघतोय.

लाजरस म्हणाला, “ऊन फार आहे यंदा.”

किती वर्षांनी बोलला तो साडूशी.

“फार,” शांतवन म्हणाला.

थोडं चालल्यावर शांतवन म्हणाला, “वाळूपण तापली आहे.”

“तापणारच.”

“बघा,” रंभाजी म्हणाला. “कसं गोडीत बोलता दोघं. घरातली माणसं बोलत न्हाईत असं.”

जांभूळगावात सगुणाचं घर गावाच्या कडेला होतं. ती सुपात गहू निवडत होती, शेजारी तिची लहान मुलगी. सगुणाने वर बघितलं, तिचे हात थांबले. मग उठून तिने दोघा पाहुण्यांना ओट्यावर घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. बापाला या म्हणाली नाही. रंभाजी अंगणातच उभा राहिला.

त्याने मुंडासं काढून हातात घेतलं. शांतवनकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाला, “सगुणा, काही चुकलं-माकलं असंल तर पोटात घाल.”

शब्द न् शब्द तोच. शांतवनला वाटलं, घोंगडीसकट जमिनीत जावं.

सगुणा म्हणाली, “हे कुठून शिकून आलात?”

“या दोघांचं बघून.”

“बाबा, आज तुम्ही याल. ही पोर आजोबा आजोबा करत तुमच्या मागं लागंल. मग एक दिवस तुमच्या मनाविरुद्ध काही झालं, की तिलाही अंगणातून माघारी लावाल. मला सवय झालीय. तिला नका लावू.”

“न्हाई व्हायचं तसं. मिटतं माणसाचं. यांना विचार. लई मोठं भांडण व्हतं यांचं, आता बघ, एका घोंगडीवर बसलेत.”

सगुणा शांतवनकडे वळली. लहानपणी तिचे परकर त्यानेच शिवलेले.

“खरं का, काका? मिटलं तुमचं?”

मंडळी, इथे जरा थांबू या. एका अक्षराचं काम होतं. हो म्हटलं असतं, तर बापलेकीची गाठ पडली असती. काम पुण्याचं, आणि तुमच्या-माझ्यातल्या पुष्कळांनी ते अक्षर बोलून टाकलं असतं. शांतवनच्याही ओठावर आलं होतं. पण सगुणा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला गोड बोलणं नको होतं. तिला आपलं लेकरू कोणाच्या भरवशावर टाकावं, हे ठरवायचं होतं.

“नाही,” शांतवन म्हणाला.

रंभाजी म्हणाला, “काय?”

“नाही मिटलं. मी याच्या घरी जातो, ते हा घरी नसताना जातो. हा बाहेर पडायची वाट बघत मी खिडकीत बसतो.”

लाजरसची मान खाली गेली. “मीपण तसंच करतो,” तो म्हणाला. “हा देवळात गेला की निघतो.”

रंभाजीच्या हातातलं मुंडासं सुटून लोंबायला लागलं. “मग मी इतकी वर्षं बघत व्हतो ते काय?”

“तुम्ही खरं बघितलंत,” शांतवन म्हणाला. “आम्ही खोटं करत होतो.”

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण आत बंद करून ठेवलेलं एकदा हललं, की ते सगळंच बाहेर येतं. तो साडूकडे वळला.

“आणि लाजरस, नाताळात सूर मी मुद्दाम वर दिला होता. तू तेव्हाच म्हणालास, वर दिलास. मी म्हणालो, रोजचाच होता. सगळे तुलाच नावाजतात. पेटीवाल्याकडे कोण बघतं? वाटलं, एकदा याची जिरू दे. एवढा आवाज फाटेल असं नव्हतं वाटलं. पण दिला मीच.”

लाजरस म्हणाला, “आई होती त्या दिवशी देवळात. आजारी होती, मी पाठीवर घेऊन आणलं होतं तिला. तिनं ऐकलेलं माझं शेवटचं गाणं ते.”

तो उठला. रंभाजीला वळसा घालून बाहेर गेला आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन पाठमोरा उभा राहिला.

शांतवनला वाटलं, झालं. बापलेकीची गाठ मोडली ती मोडली, आपलंही उरलंसुरलं गेलं. खरं बोलून काय मिळालं? मग तो उठला आणि लाजरसच्या मागे गेला. बघा, मंडळी, इतक्या समेटाच्या शनिवारांत हा पहिला, की जिथे लाजरस होता तिथे शांतवन गेला.

जवळ जाऊन त्याने तोंड उघडलं.

“काही बोलू नको,” लाजरस म्हणाला. “उभा राहा नुसता.”

शांतवन उभा राहिला. लिंबाची सावली अरुंद, ती लाजरसने व्यापलेली, हा उन्हात. टोपी घालायचंही त्याला सुचलं नाही. घाम कानांवरून ओघळत होता. लाजरस पाठमोराच. शेजारच्या घरात पाळण्यातलं मूल रडून गप्प झालं, इतका वेळ गेला.

मग लाजरस एक पाऊल बाजूला झाला.

“उन्हात कशाला मरतोस,” तो म्हणाला. “सरक इकडे.”

क्षमा केली असं तो म्हणाला नाही. तुम्ही वाट बघत असाल, दोघे गळ्यात पडले असतील. नाही पडले. सावलीत दोघे खांद्याला खांदा लागेल असे उभे राहिले, कारण सावलीच तेवढी होती.

हे सगळं सगुणा उंबऱ्यातून बघत होती आणि रंभाजी अंगणातून बघत होता.

रंभाजी बोलायला लागला, तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. शिकवल्यासारखा नव्हता.

“तुझी आई गेली तवा तू आली व्हतीस,” तो म्हणाला. “मी तुला आपल्या अंगणात असंच उभं केलं. तिचं तोंड बघू दिलं न्हाई. ते चुकून न्हाई झालं. कळून केलं मी. तुला दुखावं म्हणून केलं.”

सगुणा उंबऱ्यावर खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. तिने विचारलं, “आईच्या हातात चुडा होता?”

“व्हता. हिरवा. कासारीण बोलावून भरला.”

“नेसवलं काय होतं?”

रंभाजी खाली बसला, मातीतच.

“तू धाडलेलं लुगडं,” तो म्हणाला. “पोपटी काठाचं. तिनं माझ्यापासून दडवून ठिवलं व्हतं, गाडग्यांच्या उतरंडीमागं. मला सापडलं. तेच नेसवलं.”

मंडळी, ज्या दिवशी लेकीला अंगणातून परत पाठवलं, त्याच दिवशी तिने पाठवलेलं लुगडं त्याने आपल्या हाताने बायकोच्या अंगावर घातलं होतं. आणि इतकी वर्षं ते कोणाला सांगितलं नव्हतं. माणसाच्या आत काय काय असतं, आणि “चुकलं-माकलं” म्हणून आपण ते कसं झाकून टाकतो.

सगुणा उठली. मुलीचा हात धरून बापापाशी आली.

“आत या, बाबा,” ती म्हणाली.

त्यांनी तिथे भाकरी खाल्ली की नाही, परत यायला किती वेळ लागला, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला शांतवन आणि लाजरस एका ओळीत बसले, एवढं अंबिलवाडीची जुनी माणसं सांगायची. आणि तबिथा सांगायची, की तिची थोरली बहीण त्या दिवशी पहिल्यांदा हसत हसत उपासनेला आली.

रंभाजी शेवटपर्यंत आपल्या देवाला नैवेद्य दाखवत राहिला. तो आपल्यात आला नाही, आणि त्याला कोणी ये म्हणूनही म्हटलं नाही. पण त्यानंतर समेटाच्या शनिवारी तो चाक बंद ठेवायचा आणि गल्लीच्या तोंडाशी बसायचा. कोणी टोपी हातात घेऊन निघालेला दिसला, की आधी ज्याच्याकडे जायचं त्याच्या दारात डोकावून यायचा. “हाय घरात, जावा,” म्हणायचा. नसला तर म्हणायचा, “न्हाई. बसा हितं माझ्यापाशी. येईल.” आणि खरंच बसवून ठेवायचा. आपल्या मंडळीचा शनिवार असा एका कुंभाराने सांभाळला. पाळकसाहेब म्हणायचे, अंबिलवाडीत मंडळी सांभाळणारे मला दोन वडील आहेत, त्यातला एक देवळात येत नाही.

गेले ते दिवस. कौलं गेली, स्लॅब आला. प्रभुभोजन आता महिन्याच्या महिन्याला होतं आणि आदल्या शनिवारी आपण टीव्ही बघतो. मी काही तक्रार करत नाही. काळ बदलतो. म्हाताऱ्या माणसाला जुनं सगळंच सोन्याचं दिसतं, हेही मला कळतं. त्या सोन्यातही खोट होती, ती तुम्ही आत्ताच ऐकलीत.

पण मी सुरुवातीला विचारलेला प्रश्न काही जुना झाला नाही. शेजाऱ्याला कशावरून कळतं? मंडळी, त्याला वाटतं तेवढं कळत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त तो धरून चालतो. आपण घाईघाईत केलेली प्रार्थना तो मनापासूनची समजतो. आपण रीत म्हणून जोडलेले हात बघून तो ठरवतो, की या लोकांना काहीतरी गवसलं आहे. आपण नुसतं दार वाजवून परत येतो, आणि तिकडे तो आपल्याकडे बघून, धीर करून, नदी ओलांडायला निघतो. तुमच्या भिंतीला भिंत लावून असा एखादा रंभाजी राहतो. नाही म्हणू नका. तुम्ही त्याच्याकडे कधी बघितलं नसेल, तो तुमच्याकडे बघतो आहे.

तो कोणाच्या तरी दारात उभा राहील आणि त्याला कोणी विचारील, “माणसं अशी बदलतात का?” तो म्हणेल, “बदलतात. माझ्या शेजाऱ्यांना विचारा.”

आणि ते तुमच्याकडे वळतील. तेव्हा, मंडळी, तुम्ही काय सांगाल?